सुट्टे

गजर पावणेपाचचा. त्याच्या आधीच
मी अंधारात मोजायला बसलेली असते:
आज अंगात सुट्टे किती?

डाव्या खांद्यात आहेत थोडे. मांड्या रिकाम्या.
बोटांत दोनतीन नाणी, तीही इतकी घासलेली
की दिव्याखाली धरल्याशिवाय आकडा कळत नाही.
झोप झाली का, विचारू नका.
झोप होते. आठ तास होते.
रात्रभर खडीचा ट्रक उपसल्यासारखी उठते, एवढंच.

अकरा वर्षं सातारा–कास–बामणोली.
यवतेश्वरच्या वळणांवर दांडीला पाठ लावून
एका हातात मशीन, दुसऱ्यात नोटा,
पायाशी दुधाचे कॅन, पाठीशी शाळेची पोरं.
बाबर ड्रायव्हर म्हणायचे,
तुझी डबल बेल ऐकली की गाडीच सरळ होते.

मग एका मार्गशीर्षात
ब्लाउजची शिवण टोचायला लागली.
शिवणच. सुई नव्हे.
पोरीनं गळ्यात हात टाकला की
मी "अगं, हळू" म्हणायला लागले,
आणि कधीतरी तो हात पडायचाच थांबला.

सिव्हिलमध्ये रक्त दिलं, एक्स-रे काढले.
सगळं नॉर्मल.
सासूबाईंनी रिपोर्ट उलटा करून पाहिला,
मागल्या बाजूला काही लिहिलंय का.
निर्गुडीचा पाला झाला, एरंडेल झालं,
करंज्याच्या एका बाईनं मीठमोहऱ्या उतरवल्या.
डेपोतले साहेब म्हणाले,
घाटात सगळ्यांचंच अंग दुखतं, बाई.
तेही खोटं नव्हतं.

दोन वर्षांनी कराडला एक बुटकी डॉक्टरीण भेटली.
मानेपासून गुडघ्यापर्यंत अंगठा दाबत गेली
आणि मी ओरडायच्या आत म्हणाली, इथं ना?
फायब्रोमायल्जिया.
कधी न गेलेल्या रूटवरच्या स्टॉपसारखं नाव.
मी ते तिकिटाच्या मागं लिहून घेतलं
आणि कराड स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी
हुंदके देऊन रडले. दुखत होतं म्हणून नव्हे.
इतकी वर्षं विनातिकीट बसलेल्याला
निदान आता विचारता येत होतं:
कुठं उतरणार?

उतरणार नाही म्हणाला.
बरं. मग जरा सरकून बस.

आता मी पासच्या खिडकीत असते.
खुर्चीला उशी, पायाखाली पालथी घातलेली घमेली,
दर तासाला उठून चिंचेच्या झाडापर्यंत जाऊन यायचं.
हवालदारांची तारा हसते, बाईंची फेरी सुटली म्हणते.
सुटली की. वेळेवर सुटली.

बादली अर्धीच भरायची.
लसूण जालिंदर सोलतात, रविवारी, आठवड्याचा.
भाकरी थापणं सुटलं.
ते मात्र अजून पचलेलं नाही.
परातीतलं पीठ दिसलं की तळवे आपोआप उघडतात
आणि मग आठवतं.

कधी शब्दच गळून पडतो.
परवा एका आजोबांना रस्ता सांगताना
पोवई नाका हे नावच सापडेना.
हातानं दाखवत राहिले: तिकडं, तिकडं.
आजोबांना वाटलं, मुकी आहे बिचारी.

कधी पूर्ण दिवसच बुडतो.
पांघरूण जड, पंखा जड, कुकरची शिट्टी जड.
त्या दिवशी मी शहाणपणाचं काही बोलत नाही
आणि कुणी बोललेलं सोसतही नाही.

पोर आता शाळेतून आली की दारातूनच विचारते,
आज कुठं चालेल?
मी शोधते. कोपर, म्हणते. डावं. बाहेरून.
ती तिथं दोन बोटं ठेवते,
गरम तव्याला हात लावून बघावा तशी,
आणि मग हळूच अख्खा तळवा.

सकाळी आठलाच खिडकीत पहिला माणूस
पाचशेची नोट सरकवतो. सुट्टे नाहीत, ताई.
माझ्याकडंही नाहीत हो, मी म्हणते.
बाजूला उभे राहा जरा.
दहापर्यंत होतात कधीकधी.